वर्गणी : गिरगाव ते लालबाग

स्मरणिका समितीने दिलेला विषय 'आपल्या परिसरातील समाजजीवन आणि सेवाकार्य' असा ऐसपैस आहे. गिरगावपासून लालबागपर्यंतच्या संस्थांची नुसती नावे लिहिली तरी मला दिलेली पाने संपतील. म्हणून मी एकच धागा धरला आहे, तो वर्गणीचा. दान आणि वर्गणी यांत फरक आहे, आणि आपल्या भागाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मला तरी बऱ्याच अंशी त्या फरकाचा इतिहास वाटतो. दान देणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते. वर्गणी देणाऱ्याला पावती मिळते आणि त्या पावतीच्या जोरावर तो वार्षिक सभेत उभा राहून विचारू शकतो, "मंडपवाल्याला एवढे कशाला दिले?"

इतिहास हा माझा विषय नव्हे. मी इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. बाई हे वाचणार आहेत या धाकाने सनावळ्या दोनदा तपासल्या आहेत.

सुरुवात गिरगावातून करावी लागते. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यांत होते. ही मंडळी घरोघर जाऊन पालकांना विनवत, तुमच्या ओसरीवर आम्हाला बसू द्या, आम्ही मुलींना लिहायला वाचायला शिकवतो. शिकवण्याचा पगार नव्हता. नाना शंकरशेट यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. जागा हे दान होते आणि शिकवणाऱ्यांचा वेळ ही वर्गणी, असे मी मानते. आज आपण सर्वजण ज्याला 'शाळा' म्हणतो त्या गोष्टीची या शहरातली एक मुळी अशी बिनपगारी आहे.

तिथून चाळीस वर्षांनी गोष्ट गिरण्यांच्या वस्तीत येते. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. अर्ज लिहायचे, सभा घ्यायच्या, सह्या आणि अंगठे गोळा करायचे, असे सहा वर्षे चालले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज हे संमेलन रविवारी भरवतो आहोत, त्याच्या मागे हे आहे.

लोखंडे यांच्याविषयी शाळेत आपल्याला एवढेही सांगितले गेल्याचे मला आठवत नाही, पण मला त्यांच्या आयुष्याचा शेवट अधिक महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने घरे तपासायला आणि माणसे उचलून रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. लोकांना रोगाइतकीच रुग्णालयाची भीती वाटू लागली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. म्हणजे आपल्या कस्तुरबा रुग्णालयावर, जिथे २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोनाचे रुग्ण ठेवले होते. परक्या माणसाच्या हातून औषध घ्यायला लोक तयार नव्हते. लोखंडे यांनी प्लेगग्रस्तांसाठी रुग्णालय चालवले आणि त्या सेवेतच प्लेग होऊन फेब्रुवारी १८९७ मध्ये ते गेले. वय अठ्ठेचाळीस, म्हणजे आपल्यापेक्षा फार मोठे नव्हेत. हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली ती त्याच वर्षीच्या जानेवारीत. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. आपल्यापैकी बहुतेकांना हाफकिन म्हणजे सापाच्या विषावरची लस एवढेच ठाऊक असते.

गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीतला १८९३ चा सार्वजनिक गणेशोत्सव सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी पान खर्च करत नाही.

१९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. जोशी हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने चालवले आणि पतसंस्था काढल्या. पतसंस्था का, हे समजायला त्या काळच्या गिरणी कामगाराचे महिन्याचे गणित पाहावे लागते. पगार उशिरा व्हायचा, दुकानदाराची उधारी आधी सुरू व्हायची आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी काठी घेऊन सावकार उभा असायचा. अशा माणसाला व्याख्यान देऊन उपयोग नव्हता. पुढे जोशी मजूर चळवळीतच ओढले गेले. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. वरून खाली मदत करायला निघालेला माणूस हळूहळू शेजारी येऊन बसला, असे त्यांच्याबद्दल म्हणता येईल. डिलाइल रोडला त्यांचे नाव आहे. बसचे कंडक्टर मात्र अजून डिलाइल रोडच ओरडतात.

परळचा दामोदर हॉल याच लीगचा. आपल्यासाठी तो नाटकांचा हॉल, पण ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिथेच सभा बोलावली आणि त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेची कचेरीही दामोदर हॉलमध्येच होती. बाबासाहेब तेव्हा जवळच, परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत. लोकवस्ती, हॉल आणि चळवळ यांच्यात चालत पाच मिनिटांचे अंतर असणे किती महत्त्वाचे आहे, हे मला अलीकडे फार जाणवते.

आता एक गोष्ट जी आपल्या गौरवग्रंथांत सहसा येत नाही. 'गिरणगावचा एकोपा' हा शब्द आपण सहज वापरतो. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाची भीती होती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. आणि त्याच्या दोन वर्षे आधी, १९२६ मध्ये, दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात वर्गणीवरूनच वाद पेटला. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि बाबासाहेब यांचा सवाल साधा होता: उत्सव सार्वजनिक आहे, वर्गणी सगळ्या हिंदूंकडून घेता, मग पूजेचा अधिकार अस्पृश्यांना का नाही? त्या वादातून त्या मंडळींनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. माझ्या दृष्टीने आपल्या भागातली ही मोठी घटना आहे. ज्याने पैसे दिले त्याला बोलण्याचा हक्क आहे, हे तत्त्व कुणी पुस्तकातून आणले नव्हते. ते पावतीपुस्तकातच होते. फक्त ते शेवटपर्यंत वाचायची तयारी नव्हती.

लालबागच्या राजाची गोष्टही मूळची वर्गणीचीच. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला. उघड्यावर बसणाऱ्या कोळी आणि इतर विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये त्यांनी गणपती बसवला. आज तिथल्या दानपेटीची मोजणी बातमीत दाखवतात. मंडळ त्यातून डायलिसिस केंद्रासारखी कामे करते, आणि ती चांगलीच आहेत. पण बाजारकऱ्यांची वर्गणी ते देशभरच्या भक्तांचे दान हा बदल लक्षात घ्यावा. दानपेटीत टाकणारा हिशेब मागायला परत येत नाही.

इथपर्यंत बायका कुठे आहेत, असे तुमच्यापैकी कुणीतरी विचारायला हवे होते. वर्गण्यांच्या याद्यांत त्या फारशा सापडत नाहीत. त्या स्वयंपाकघरात होत्या, आणि हे मी घरच्या माहितीवरून सांगते, कारण माझी आजी, म्हणजे आईची आई, लालबागला खानावळ चालवायची.

खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. दहा बाय बाराची खोली. गावाकडून एकटे आलेले पुरुष महिन्याच्या बोलीवर जेवायला यायचे. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, रात्रपाळीचे असे वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे चूल, पुढे स्टोव्ह, जवळजवळ विझायचाच नाही. पहाटे साडेचारला पीठ मळायला सुरुवात. आमच्याकडे कोकणातली माणसे, म्हणून भात आणि माशाची आमटी. घाटावरच्यांच्या खानावळीत भाकरी आणि झणझणीत कालवण. खानावळी जातीप्रमाणे आणि गावाप्रमाणे वेगळ्या होत्या, हेही इथेच नोंदवते. महिन्याचे पैसे पगार झाल्यावर, म्हणजे वाणसामान भरायचे ते आधी उधारीवर. आजीच्या पाटल्या वर्षातले बरेच महिने सावकाराकडे असत.

अशा शेकडो बायका होत्या आणि त्यांना कुठलेही बँकखाते नव्हते. प्रेमा पुरव, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात कम्युनिस्ट चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या, यांच्या लक्षात आले की संप झाला की कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या याच बायका, आणि संप मिटल्यावर कर्जात बुडालेल्याही याच. १९७५ मध्ये त्यांनी चौदा खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. राष्ट्रीयीकृत बँकांत तेव्हा गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना होती, पण तारण आणि जामीन कोण देणार? मंडळाच्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. कुणाचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, बांगलादेशात महंमद युनूस यांनी असाच प्रयोग सुरू केला आणि पुढे त्यांना नोबेल मिळाले. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या ओळखीत किती जणांना ते माहीत आहे, हे संमेलनात विचारून पाहा.

आजी त्या पहिल्या चौदाजणींत नव्हती, नंतर गेली. तिला सही येत नव्हती. मंडळात गेल्यावर शिकली. तिची सही मी पाहिली आहे. 'र' ला प्रत्येक वेळी वेगळे शेपूट.

गिरगावात याच्या आधीचे एक उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. तोच लिज्जत पापड. उसने पैसे देणारे छगनलाल पारेख हेही भारत सेवक समाजाचेच. बायकांनी पहिल्यापासून एक नियम केला, तो मला फार आवडतो: नुकसान झाले तरी चालेल, देणगी घ्यायची नाही. जी लाटते ती मालकीण. खानावळीच्या बायका आणि पापडवाल्या बायका भाषेने आणि वस्तीने वेगळ्या, पण उपकार नकोत या बाबतीत सारख्या.

मग १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख कामगार, जवळपास साठ गिरण्या. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आपण तेव्हा बालवाडीच्याही आधीचे. त्याच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी आजीच्या वहीपुरते बोलते.

वही साधी, लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे मिळते तशी. पानावर डावीकडे नावे, पुढे महिन्याचे दिवस, जेवला की रेघ. शेवटच्या रकान्यात पैसे. लिहायचे काम मामाचे. १९८२ च्या जानेवारीपासून रेघा आहेत आणि शेवटचा रकाना रिकामा आहे. मेपर्यंत नावे कमी होत जातात, कारण लोक गावी गेले. पावसाळ्यानंतर तीन-चारच उरतात. माझ्या कामात आम्ही अशा नोंदींना लॉग म्हणतो; यंत्र नेमके कुठे बंद पडले ते त्यावरून कळते. या वहीत बंद पडण्याची जागा सापडत नाही, कारण आजीने रेघ मारणे बंदच केले नाही. पैसे नाहीत म्हणून जेवण नाही, असे एकाही पानावर दिसत नाही. त्यातले काहीजण पुढे कित्येक वर्षांनी येऊन पैसे देऊन गेले, असे आई सांगते. बाकीच्यांचे काय झाले ते वहीत नाही. हे दान होते असे आजीला कुणी म्हटले असते तर ती चिडली असती. तिच्या लेखी ती उधारी होती. देणाऱ्याची मान ताठ ठेवणारा शब्द तिने बरोबर निवडला होता.

संपानंतरच्या वर्षांत आपण वाढलो. गणपतीची वर्गणी मागायला आमच्या मजल्यावर मला आणि शेजारच्या एका मुलाला पाठवायचे. अकरा रुपये, एकवीस रुपये. जाताना सेक्रेटरी काका बजावत, अमुक खोलीत पावती फाडायची पण पैसे मागायचे नाहीत, "पुढच्या वर्षी देतो म्हणाले" असे म्हणायचे. मला तेव्हा कळायचे नाही की ते तसे कधी म्हणाले. आता कळते. यादीत नाव राहणे महत्त्वाचे होते, म्हणजे आरतीला उभे राहताना आणि प्रसाद घेताना संकोच नको. शिवाय वर्गणीच्या निमित्ताने वर्षातून एकदा प्रत्येक दार उघडले जायचे. कुणाचे पोर आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाची म्हातारी एकटी आहे, हे चाळीला त्या चार दिवसांत कळे. आता आमच्या सोसायटीत क्यूआर कोड फिरतो. पैसे पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त जमतात. दार मात्र उघडत नाही. अशी प्रणाली बनवणे हाच माझा व्यवसाय असल्याने तक्रार करण्याचा मला फारसा अधिकार नाही.

हे सगळे डोक्यात ठेवूनच मी आपल्या बॅचच्या शाळानिधीबद्दल ग्रुपवर जे लिहिले ते लिहिले होते. परदेशातल्या आपल्या एका मित्राने संगणक कक्षाचा सगळा खर्च एकट्याने करायची तयारी दाखवली आहे. त्याचे मन मोठे आहे, यात शंका नाही. नाव कोरायचाही त्याचा आग्रह नाही. तरीही माझे मत असे की अर्धी रक्कम त्याच्याकडून घ्यावी आणि अर्धी वर्गणीतून उभी करावी, मग कुणी शंभर रुपये देवो. ज्यांना शंभरही जड आहेत असे आपल्यात आहेत, आणि त्यांच्या नावाची पावती कशी फाडायची हे आपल्याला चाळीने शिकवले आहे. याला उत्तर म्हणून एकाने लिहिले, "वर्गणी गोळा करायला माणसे लागतात आणि ती आता कल्याण, विरार, पुणे आणि न्यू जर्सीला आहेत." मुद्दा खरा आहे. दुसरीने विचारले, मराठी शाळांतली मुले कमी होत असताना कक्ष लवकर होणे महत्त्वाचे की तुझे तत्त्व? तोही प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच की पाच वर्षांनी त्या कक्षातले संगणक जुने होतील, तेव्हा चौकशी करायला कोण जाईल? एक देणगीदार की साठ वर्गणीदार?

कोण जाईल आणि कुणाचा हक्क, हाच प्रश्न आमच्या गावच्या मंडळात सध्या फार टोकाला गेला आहे. तुमच्यातल्या कोकणातल्या आणि साताऱ्या-कोल्हापुराकडच्या मंडळींना 'गावाची खोली' सांगायला नको. गोव्याच्या लोकांची धोबीतलाव-गिरगावकडे 'कूड' असायची, तीही तशीच. एका खोलीत तीस-चाळीस माणसे, पाळीप्रमाणे झोपणार, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. महिन्याची वर्गणी. त्यातून गावातल्या शाळेचे छप्पर, देवळाचा सभामंडप, शिमग्याची पालखी, कुणी इथे वारला तर त्याच्या बायकोला गावाहून आणायचे भाडे. कोकणातल्या कित्येक शाळांच्या भिंतीवर मुंबईकर मंडळाचे नाव आहे ते या खोल्यांमुळे.

आमच्या गावाची खोली ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत होती. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकासात प्रत्येक खोलीमागे ५०० चौरस फुटांचे घर मिळते. भाडेपावती एकाच माणसाच्या नावावर, कारण कागदावर एकच नाव लागायचे. तो वारला, त्याचा मुलगाही वारला. आज नातू कायद्याने हक्कदार आहे आणि मंडळाकडे सत्तर वर्षांची वर्गणीची रजिस्टरे आहेत. नातवाची बाजूही अगदी खोटी नाही. शेवटची पंधरा वर्षे भाडे त्यानेच भरले.

रजिस्टरे मी स्कॅन करून दिली. १९५३ पासूनची आहेत, काहींना वाळवी लागली आहे. माझ्या आजोबांचे नाव १९५८ च्या पानावर आहे, वर्गणी आठ आणे. मे महिन्यात गावी सभा आहे. नातवाने यायचे कबूल केले आहे.